आज मंगळवार

“वाचू नकोस. नुसतं बघ.”

लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते तेव्हा पेंटरने तिला हे सांगितलं होतं. औषधाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे तिला उभं करून. दुकानावर त्याने नुकतीच रंगवलेली पाटी होती आणि ती आपली शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने वाचून दाखवायला लागली होती.

“वाचायला लागलं की अर्थ मधे येतो,” तो म्हणाला होता. “शिरोरेषा कुठे पडलीय बघ. काना कुठे झुकलाय बघ. मान वाकडी करून बघ, हवं तर उलटी हो. पण वाचू नकोस.”

तिने मान वाकडी केली होती आणि तिला खरंच एक काना झुकलेला दिसला होता. त्या दिवसापासून एकतीस वर्षं तो अक्षरं आखत आला आणि ती भरत आली. रेषेच्या आत रंग भरायचा, दोन पावलं मागे व्हायचं, मान वाकडी करायची. पाटीवर काय लिहिलंय असं कुणी विचारलं तर तिला क्षणभर थांबावं लागायचं. पण तिसऱ्या अक्षराची वेलांटी जाड झालीय, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

आता पाट्या थांबल्या होत्या. निदान तिची तशी समजूत होती. पेंटरचं यकृत गेलं होतं. म्हणजे होतं जागेवरच, पण काम करायचं त्याने जवळजवळ सोडून दिलं होतं. कधीकाळची कावीळ रक्तात दबा धरून बसली होती आणि पंचवीस वर्षं यकृत आतल्या आत पोखरत होती. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसाला लोक विचारायचे, “काय पेंटर, किती घ्यायचात रोज?” पहिल्या दहा जणांना तिने नीट समजावून सांगितलं. अकराव्यापासून सोडून दिलं. पेंटरने त्याहून सोपा मार्ग काढला. तो म्हणायचा, “रोज एक डबा. हिरवा ऑइल पेंट.”

आता दुसऱ्या कुणाचं तरी यकृत मिळालं तर तो वाचणार होता. त्यासाठी यादीत नाव लागायला हवं होतं. यादीत नाव लागण्यासाठी दात, हृदय, फुप्फुसं, हाडं, सगळ्याचे दाखले हवे होते. पाच महिने ती दोघं एका दारातून दुसऱ्या दारात फिरली होती. दातांच्या डॉक्टरने हृदयाच्या डॉक्टरची चिठ्ठी मागितली, आणि हृदयाचा डॉक्टर म्हणाला, आधी दात तरी बघून घ्या. आता सगळे कागद जमले होते. येत्या शुक्रवारी हॉस्पिटलची समिती बसणार होती.

“समिती कागद बघते तसं घरही बघते,” हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंनी तिला बजावलं होतं. या बाई बारीक आवाजात बोलायच्या आणि त्यांच्यापुढे डॉक्टरही सरळ बसायचे. “दुसऱ्याचं यकृत देतो आम्ही. औषधं वेळेवर घेतली जातात की नाही, हे आम्हाला कळायला हवं. तुमच्यावर आहे सगळं.”

तिच्यावर होतं ते असं. सकाळी उठल्याबरोबर वजन. पोटात पाणी साचलं की वजन वाढतं. स्वयंपाकात मीठ नाही. पण अंगावरचं मांस झडतंय म्हणून दर तीन तासांनी खायला हवंच. फोन कायम चार्ज केलेला. दाराशी भरलेली बॅग. आणि दिवसातून तीन वेळा एक पातळ, गोडमिट्ट औषध. ते घेतलं की तीनदा संडासला जावं लागायचं, आणि जायलाच हवं होतं. नाहीतर रक्तातलं विष डोक्यात चढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“डोक्यात चढलं की पहिल्यांदा काय बिघडतं माहितेय? अक्षर,” डॉक्टर म्हणाले होते. “रोज सकाळी वहीत वार आणि एक ओळ लिहायला लावा. अक्षर बदललं तर लगेच फोन करा.”

पेंटर त्यावर पोट धरून हसला होता. त्याच्या पोटाचा आकार पाहता धरायला पुष्कळ होतं. “डॉक्टरसाहेब, माझं अक्षर बिघडेल तेव्हा मला जाळूनच टाका.”

अशा माणसाबरोबर दिवस काढायचे होते. आणि त्यात तिचा नेम.

तिचे नेम पहिल्यापासूनच होते. पहाटेचा जप, संध्याकाळचा दिवा. आजार कळला त्या दिवशी तिने तिसरा धरला: दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही. कितीही डोकं फिरलं तरी नाही. तिला वाटलं होतं, एवढं देवाला दिलं तर देवही थोडं देईल.

तिला हे सुचलं नव्हतं की पेंटर त्याचा फायदा उठवील.

त्याने तो दुसऱ्याच दिवसापासून उठवला. लोणच्याची बरणी उघडायची ती सकाळी साडेनऊला. वजनकाट्यावर एक पाय ठेवून दुसरा हळूच जमिनीला टेकवायचा तो सकाळी सात वाजता. औषधाचं माप हातात धरून “थांब, थांब, आधी गार होऊ दे” म्हणत अर्धा तास काढायचा तोही सकाळीच. ती ओठ आवळून उभी राहायची. तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, “अजून दोन तास दहा मिनिटं आहेत. सांभाळ.” बाराच्या ठोक्याला ती सुरू व्हायची आणि सकाळपासूनचं सगळं तारखेवार बाहेर काढायची. तोवर पेंटर अंगावर चादर घेऊन डोळे मिटून पडलेला असायचा.

त्या आठवड्यात तर हद्दच झाली. रोज अर्धा तास चाला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर हा दीड-दोन तास बाहेर. “कुठे गेला होतात?” असं विचारलं तर ते टाकून बोलल्यासारखं होईल, या धाकाने ती विचारतही नव्हती. घरात मुंग्या झाल्या होत्या. त्यासुद्धा कुठे, तर त्याच्या ब्रशांच्या डब्यात. कामं बंद झाल्यापासून तो डबा मोरीजवळच्या फळीवर पडून होता, आणि मुंग्यांची रांग भिंत चढून थेट त्यात उतरत होती. टर्पेंटाइनच्या डब्यात मुंग्या! तिने दोनदा फळी पुसली आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात बारा वाजण्याची वाट पाहिली.

त्यात वन्संचा रोज सकाळी अकराला फोन. वन्सं म्हणजे पेंटरची थोरली बहीण. निवृत्त मुख्याध्यापिका.

“वहिनी, मी वाचलं, दुधीचा रस.”

“डॉक्टरांनी काही वेगळं द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“अगं, रस म्हणजे काय औषध आहे का? आणि त्याला मीठ अजिबातच नाही देत? माणूस मीठ नाही म्हणून खचतो.”

“पाणी साचतं, वन्सं.”

“तू ना, फार नियमाने चालतेस. तो बोलतो का नीट? परवा फोनवर मला ‘बाई’ म्हणाला. मी म्हटलं, अरे मी तुझी ताई, शाळेत आहेस का तू अजून?”

तिने फोन कानापासून दूर धरला. पन्नास मिनिटं राहिली होती.

गुरुवारी सकाळी पेंटरने वजन मुकाट्याने करू दिलं. दोन्ही पाय काट्यावर. मग वही घेऊन बसला आणि लिहिलं. तिने वही हातभर लांब धरली, मान वाकडी केली. शिरोरेषा दोरी ताणल्यासारखी सरळ. वेलांट्या एका उंचीच्या. मंगळवारच्या, बुधवारच्या आणि आजच्या ओळीवर पारदर्शक कागद ठेवून गिरवलं असतं तरी फरक पडला नसता. उद्या समिती, आणि अक्षर असं! तिला एकदम हलकं वाटलं. तिने शेजारी सही केली आणि वही बॅगेत ठेवली.

तो फिरायला गेला तो सव्वाअकराला आला. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. पण त्याचे डोळे पिवळे, कातडी पिवळी, तळवे पिवळे; त्या पिवळ्यात आणखी काही निराळं पिवळं असेल हे कुणाला कळणार? तो खुर्चीवर बसला. ती खायला घेऊन आली तेव्हा ताटलीकडे बघत राहिला. अकरा वाजताचं औषध तिने मापात ओतून ठेवलं, गॅस बंद करायला आत गेली, परत आली तर माप रिकामं होतं आणि ओल्या पावलांचे ठसे मोरीपासून खुर्चीपर्यंत आले होते.

बारा वाजले.

“आता ऐका,” ती म्हणाली. “उद्या समिती आहे आणि तुम्ही दोन-दोन तास गावभर हिंडता. खाणं ताटात तसंच. मुंग्या तुमच्या डब्यात, पुसायच्या मी. वन्सं मला शिकवणार दुधीचा रस, आणि तुम्ही त्यांना बाई म्हणणार. मी काय दगडाची आहे? मलासुद्धा पाठ आहे, पाय आहेत. एकदा म्हणा, ‘दमलीस का गं?’ एकदा!”

पेंटरने मान वर केली. चेहऱ्यावर नेहमीचं मिश्कील हसू नव्हतं. होता तो नुसता शिष्टाचार.

“बाई, तुम्ही उन्हातून आलात. बसा ना,” तो म्हणाला. “पेंटर घरात नाहीत. येतील एवढ्यात.”

“झाली का तुमची नाटकं सुरू?”

“पाणी देऊ का तुम्हाला?”

एकतीस वर्षांत त्याने तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं, भांडतानासुद्धा नाही. तरीही ही नवी युक्ती असेल, अशी एक वेडी आशा होतीच. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

चौकातला चष्मेवाला होता. दुकान नव्याने सजवून रविवारी उघडणार होता. तो दारातच अवघडून उभा राहिला.

“वहिनी, पेंटरदादांना बरं आहे ना? नाही, काम उत्तम झालंय. माझ्या दारावरची भिंत अशी खुलली नव्हती कधी.”

“कुठलं काम?”

“म्हणजे? तुम्हाला… ते सहा दिवसांपासून येतायत ना रोज. उंच बांधलेल्या फळीवर चढून, ब्रश कुणाकडून तरी मागून आणून. मी म्हटलं दादा राहू दे, तर म्हणाले शब्द दिलाय तुला, वर्षभरापूर्वी. संडासला जावं लागेल म्हणून सकाळचं औषध मागे टाकून येतो म्हणाले.” त्याने घसा साफ केला. “पण वहिनी, एकदा येऊन वाचाल का? ‘डोळे तपासून मिळतील’ असं लिहायचं होतं.”

“मग?”

“‘डोळे तपासून मंगळवार’ असं लिहिलंय.”

ती वळली. दाराशी ठेवलेली बॅग उघडली, वही काढली आणि तो सगळा आठवडा पहिल्यांदाच वाचला. मंगळवारी लिहिलं होतं: आज मंगळवार, मी बरा आहे. बुधवारी लिहिलं होतं: आज मंगळवार, मी बरा आहे. आज गुरुवार होता. आज मंगळवार, मी बरा आहे. प्रत्येक ओळीशेजारी तिची सही.

चष्मेवाल्यानेच रिक्षा आणली.

हॉस्पिटलमधे औषध तोंडाने उतरेना म्हणून खालून, एनिमाने दिलं. रात्री तो ओरडला, चादर ओढून फेकली, तिला नर्स समजला आणि नर्सला आपली आई. शुक्रवारी संध्याकाळी डोळे उघडून त्याने भिंतीवरची सूचना पाहिली आणि म्हणाला, “शांतता मधला ‘शां’ बघ कसा लिहिलाय. अनुस्वार पार लोंबकळतोय.” तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून थोडं रडली.

समन्वयक बाई आल्या. समिती झाली होती.

“नाव नाकारलं नाहीये,” त्या म्हणाल्या. “पुढे ढकललंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत एकही डोस चुकला नाही, तर मी स्वतः कागद घेऊन आत जाईन. चुकला तर मला बोलता येणार नाही.” मग आवाज आणखी बारीक झाला. “वही रोज बघत होतात ना तुम्ही?”

“बघत होते,” ती म्हणाली. “वाचत नव्हते.”

बाईंना ते कळलं नाही. पेंटरला कळलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

शनिवारी दुपारी त्याला घरी सोडलं. वन्सं येऊन राहिल्या होत्या आणि त्यांनी आल्या आल्या घरातली सगळी भांडी जागा बदलून लावली होती. ती थेट मोरीजवळच्या फळीकडे गेली आणि ब्रशांचा डबा खाली काढला. तळाशी बोटभर घट्ट गोड पाक. चांगले, केसांचे, जपून वापरलेले पाच ब्रश त्यात चिकटून दगड झाले होते. तिने डबा नेऊन पेंटरच्या मांडीवर ठेवला. साडेतीन वाजले होते. नेम आड येत नव्हता.

“हे मी तुम्हाला वेळेवर ओतून देत होते,” ती म्हणाली. “आणि तुम्ही ब्रशांना पाजत होतात. ब्रशांचं यकृत उत्तम असेल आता.”

त्याने एक ब्रश ओढून काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

“मी मूर्ख आहे,” तो म्हणाला.

“ते जुनं आहे. नवीन काही सांगा.”

“फळीवर असताना पोट गडबडलं की उतरायला वेळ लागतो. दोनदा नाही पोचलो. चष्मेवाल्याच्या मुलीसमोर. पायजमा त्याच्याच मोरीत धुतला. तुला सांगायला लाज वाटली.”

तिने डबा त्याच्या मांडीवरून उचलून खाली ठेवला. आठवडाभर तिला वाटत होतं तो तिला फसवतोय, छळतोय. विचारलं असतं तर? तिचा नेम टाकून न बोलण्याचा होता. ‘कुठे होतात?’ एवढं विचारायला देवाने कुठे मनाई केली होती? ती मनाई तिने स्वतःच त्यात घालून घेतली होती. कारण खरं सांगायचं तर न विचारणं सोपं होतं आणि बाराला ओरडणं त्याहून सोपं.

“उद्या दहाला दुकान उघडतं,” पेंटर म्हणाला. “भिंतीवर मंगळवार आहे. लोक रविवारी येऊन मंगळवार वाचतील.”

“वाचू देत.”

“शब्द दिलाय गं मी.”

“मलाही दिला होतात. डॉक्टरांसमोर. तीन वेळा घेईन म्हणून.”

आतून वन्संचा आवाज आला, “या घरात झारा कुठे ठेवतात?”

“एक कर,” तो म्हणाला. “ते तू पुरं कर. मी एकही माप चुकवणार नाही. शुक्रवारपर्यंत नाही, पुढेही नाही. पोट बिघडलं तर सांगेन. लाज वाटली तरी सांगेन.”

“मी भरते. आखायचं काम तुमचं. मला आखता येत नाही.”

“एकतीस वर्षं माझ्या रेषांच्या आत राहिलीस. रेषा कुठे असते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” त्याने वहीचं मागचं पान उघडलं आणि बोटाने गिरवून दाखवत गेला. “मंगळवारचा म तसाच ठेव. अनुस्वार घालव. म च्या आधी दोन शब्दांमधे जागा आहे, तिथे वेलांटीचा काना बसेल. मि ची पहिली, ती ची दुसरी, विसरू नकोस. ग ळ वा र सगळं पांढऱ्याने मार, सुकू दे, मग ळ ती ल. सुताने रेघ मारून घे.”

“आणि लांबून बघायचं. मान वाकडी करून.”

“नाही.” तो हसला. त्या आजारात इतकं साधं तो पहिल्यांदाच हसला. “आधी वाच. मोठ्याने वाच. मग बघ.”

रविवारी पहाटे तिचा जप आटोपला तेव्हा बाहेर नुकतं दिसू लागलं होतं. वन्सं उठून पेंटरसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, शाळेत तोंडी परीक्षा घ्यायला बसावं तशा.

“गिळ. आता ‘आ’ कर. जीभ वर कर,” त्या म्हणत होत्या. “मी चाळीस वर्षं मुलांच्या तोंडातली चिंच शोधलीय. माझ्यापुढे नाही चालायचं.”

“अगं, हिला आवर,” पेंटर तिला म्हणाला.

“बाराला बघू,” ती म्हणाली.

तिने वही घेतली. हातभर लांब धरली नाही. जवळ धरली आणि ओठ हलवत वाचली. आज रविवार. तीन घेणार आहे. पोट दुखतंय, सांगितलं. शिरोरेषा थोडी खाली गेली होती, ‘सांगितलं’ची वेलांटी थरथरली होती. तिने दुसऱ्यांदा वाचून मग सही केली.

पिशवीत तिने पांढऱ्याचा डबा घातला, पिवळ्याचा घातला, सुताचं रीळ, खडू आणि काल संध्याकाळी आणलेले दोन नवे ब्रश घातले. ब्रश अगदीच साधे होते. पेंटरने पाहिले असते तर नाक मुरडलं असतं, म्हणून तिने ते त्याला दाखवले नव्हते. फोन पूर्ण चार्ज आहे ना हे बघून तो वन्संच्या हाताशी ठेवला. चपला हातात घेऊन दारापर्यंत गेली, बाहेर पडून घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं.

जिन्यावरून उतरताना ती पुटपुटत होती. जप झाला होता, हे दुसरंच होतं. मि पहिली. ती दुसरी. मि पहिली, ती दुसरी. रस्ता रिकामा होता. चौकाच्या दिशेने जाताना दोन्ही बाजूंना बंद दुकानांवर त्याच्या पाट्या होत्या, तिने भरलेल्या. आणि ती प्रत्येक पाटीखाली क्षणभर थांबून ती वाचत पुढे गेली.